महादेवी, तू बोलली होतीस असं मी सांगितलं

महादेवी,

तुझ्या घरून परत आल्याला आता आठवडा होत आला. नांदेडात सगळं तसंच आहे. ऊन तसंच, नळ दिवसाआड तसाच, आणि दुपारचा चहा झाला की माझा हात फोनकडं जातो तोही तसाच. निवृत्त झाल्यापासून आपलं बोलणं त्याच वेळेला व्हायचं. परवा तर मी नंबर लावलाही. प्रशांतनं उचलला. "मावशी, आईला लावला का?" म्हणाला, आणि मग आम्ही दोघं उगीच पाऊसपाण्याचं बोलत राहिलो.

तुझ्या शाळेनं माझ्याकडून चार ओळी मागितल्या. जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं, विद्यार्थिप्रिय शिक्षिका. दिल्या लिहून. त्यात तू कुठंच नव्हतीस. म्हणून हे वेगळं लिहिते आहे, आणि तुलाच लिहिते आहे, कारण तुझ्या नावावर मी एक वाक्य खपवलं आहे. चार माणसांसमोर, ठणठणीत आवाजात. ते तू कधीच बोलली नव्हतीस. ऐकून तू हसशील की महिनाभर अबोला धरशील, ते काही मला ठरवता येत नाही. तेव्हा सगळं सांगते आणि मोकळी होते.

पण त्याच्या आधी उदगीरकडची आपली ती खोली. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मी अर्धापूरची, केळीच्या बागांतली. पाणी म्हणजे बागेतल्या दांडाला सोडायचं असतं एवढंच मला माहीत. नोकरी लागली ती थेट उदगीर तालुक्यातल्या त्या गावात, आणि तीही दुष्काळात. दोघी इंग्रजीच्या बाई, एक खोली, एक रांजण. तुझी आंघोळ तांब्याभर पाण्यात व्हायची आणि मला बादली पुरायची नाही. घरमालकीण म्हणायची, "ह्या केळीवाल्या बाईला आडच न्हाणीत आणून द्यावा लागतोय." तू तिला काही बोलायची नाहीस. पण सकाळी उठून बघावं तर माझ्या बादलीत एक लोटा जास्त असायचा. मी विचारलं की म्हणायचीस, "होगली बिड गं." जाऊ दे, सोड. तुमच्या घरातलं कानडी मला एवढंच आलं, आणि तेही तू इतक्या वेळा म्हणालीस म्हणून.

त्याच दिवसांत लातूर वेगळा जिल्हा होण्याचं चाललं होतं. आता कामाला उस्मानाबाद गाठायला नको, याचाच सगळ्यांना आनंद. मास्तर लोकांना मात्र एकच घोर, आपल्याला कुठं टाकतात. कोण जुन्या जिल्ह्यात राहणार, कोण नव्यात जाणार, कुणालाच पत्ता नव्हता. शेवटी जिल्हा जाहीर झाला. हेडमास्तरांनी पेढे वाटले आणि मला फर्मावलं, भित्तिपत्रकावर इंग्रजीतून काहीतरी झकास लिहा. मी मोठ्या अक्षरांत, रंगीत खडूनं मथळा लिहिला: 'अवर न्यू डिस्ट्रिक्ट इज अप इन द एअर'. मला वाटलं होतं, झेंडा कसा वर फडकतो, तसा आपला जिल्हा वर. काय ऐट होती माझी त्या दिवशी.

तू तो कागद वाचलास आणि तशीच वर्गावर गेलीस. संध्याकाळी खोलीवर कांदा चिरायला बसलीस. त्यातला एक कांदा उचलून छताकडं फेकलास आणि झेललास.

"आत्ता वर होता तेवढा वेळ हा अप इन द एअर," म्हणालीस. "माझ्या हातात येतो का रांजणात पडतो, ठरलं नव्हतं. जिल्हा तर ठरला की गं. गॅझेटात आला. त्याला कशाला लटकवलंस?"

मी ओशाळले. पण गप्प बसेन तर मी कसली. "मग आनंदीआनंद आहे सगळीकडं, ते कसं लिहायचं?" असं मी वर तोंड करून विचारलं. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी तव्यावर मिरच्या टाकल्या. आपण दोघी खोकलो, पलीकडची पोरं खोकली, गल्लीतून जाणारा सायकलवाला खोकला. तू डोळे पुसत म्हणालीस, "हे बघ, ही इन द एअर. दिसून राहिलं का कुणाला काही? कुणी सांगितलं का? पण अख्ख्या गल्लीला कळलं."

महादेवी, मी पुढं आयुष्यभर हेच दोन तुकडे शिकवले. कांदा फेकला, मिरच्यांचं सांगितलं. पोरं कधी चुकली नाहीत. जे ठरलेलं नाही, वर खाली लोंबकळतंय, त्याला 'अप इन द एअर' म्हणायचं. आणि जे कुणी बोललेलं नाही पण सगळ्यांना जाणवतंय, ते नुसतं 'इन द एअर'. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मी तो कागद काढून नवा लावला. जिल्हा कित्येक दिवस हवेत होता, आता आला. अधांतरी आहेत त्या फक्त आमच्या बदल्या, असं लिहिलं. कागद बदललेला कुणाच्या ध्यानातच आला नाही. पहिलाही कुणी वाचला नव्हता म्हणा.

त्यानंतर आपल्या दोघींत ही एक चोरभाषाच झाली. दत्तराव लोह्याकडचे, विज्ञानाचे मास्तर. दुपारच्या सुट्टीत त्यांना हमखास तहान लागायची आणि रांजण नेमका तुझ्या वर्गाशेजारी. तू पाणी काढून द्यायचीस आणि हेडमास्तर आपल्या खोलीत उगीच घसा खाकरायचे. मी तुझ्याजवळून जाताना हळूच म्हणायची, "गल्ली खोकतेय." तू लाल व्हायचीस. तुमचं प्रेम असं इन द एअर. लग्न मात्र अप इन द एअर. तुझ्या माहेरी अडत दुकान, घरात रोज लिंगपूजा, तुम्ही लिंगायत. दत्तराव मराठा, शेतकऱ्याचे. हे काही गॅझेटानं ठरवायचं नव्हतं.

मला घाई. मला कुठलीच गोष्ट लोंबकळत ठेवलेली सहन होत नाही, तुला ठाऊक आहे. मी भाजी निवडायला घेतली की शेवटच्या काडीपर्यंत उठत नाही. मी रोज तुझ्यामागं लागायची, एकदाचं घरी सांगून टाक, इकडं तरी नाही तर तिकडं तरी. तू म्हणायचीस, "वर हाय म्हंजे अजून पडलं न्हाई की." शेवटी तू लग्न केलंस. साक्षीदार म्हणून सही माझी. उदगीरहून निरोप आला की आमची एक मुलगी कमी झाली. तू तो निरोप ऐकलास आणि त्या दिवशी दोन तास जास्तीचे घेतलेस, माझेसुद्धा.

लोह्याला सासरी गेलीस ती गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग घेऊन. सासूनं काढ म्हटलं नाही, आणि तू कधी काढलं नाहीस. सकाळी उठून डावा तळहात पुढं करून, लिंग त्यावर ठेवून पूजा करायचीस आणि मग सासूबरोबर खंडोबाच्या नैवेद्याचं वांगं परतायचीस. मला यातलं काही पटायचं नाही असं नाही. मला फक्त कळायचं नाही की तू नेमकी कुठं आहेस. मी म्हणायची, "तू इकडची सोडली नाहीस, तिकडची धरली नाहीस. अधांतरी जगतेस तू." हे आपलं भांडण चाळीस वर्षं चाललं. ते कधी चिघळलं नाही आणि कधी मिटलंही नाही. वडील गेल्यावर तुझा भाऊ, गुरुनाथअण्णा, पहिल्यांदा तुझ्या दारात आला. मग दर श्रावणात यायला लागला. मी तुला म्हटलं, बघ, पडलं ना खाली. तू म्हणालीस, "मी झेललं म्हणून."

आता शेवटच्या महिन्यांचं. तू दवाखान्यासाठी नांदेडला यायचीस आणि माझ्याकडं उतरायचीस. अंगावर काही राहिलं नव्हतं तुझ्या. डबी गळ्यात मोठी दिसायला लागली होती. एका दुपारी मला राहवलं नाही आणि मी विचारलंच. "महादेवी, तुमच्यात पुरतात. यांच्यात जाळतात. तुझं काय करायचं, ते सांगून ठेव बाई. मागं लोकांची भांडणं होतात."

असं कुणी विचारतं का? मी विचारलं. तू माझ्याकडं पाहिलंस, राग नव्हता त्यात, आणि म्हणालीस, "शैला, चहा गार होऊन राहिला."

मी चिडले. सरळ सांगते, त्या दिवशी तू परत गेल्यावर मी एकटीच कपबशा आपटत होते. आयुष्यभर सगळं हवेत ठेवलंस, निदान हे तरी ठरवून जा, असं मला वाटत होतं. आज त्या चहाची आठवण झाली की वाटतं, बरं झालं मी आणखी काही बोलले नाही. तू पुन्हा माझ्या घरी आलीच नाहीस.

त्या पहाटे प्रशांतचा फोन आला. मी लोह्याला पोचले तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता. तुला त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणं खाली निजवलं होतं. अंगणात कुणीतरी तिरडीचे बांबू आणून टाकले होते, रानाकडं लाकडं गेली होती. दत्तराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी समोर उभी राहिले तर त्यांना ओळखायला वेळ लागला.

तेवढ्यात प्रशांतच्या फोनवर गुरुनाथअण्णा आला. उदगीरहून जंगम स्वामींना घेऊन निघालेला. त्याचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. "तिला निजवू नका बाबा. आमच्यात माती बसवून देतात. आत्ताच भिंतीला टेकवून बसवा, मांडी घालून. अंग एकदा ताठलं की मग बसवता येत न्हाई." मग म्हणाला, "तुमाला करायचं असंल तर. हक्क तुमचा हाय."

प्रशांत फोन हातात धरून तसाच उभा. इतकी वर्षं आईबरोबर राहून त्या लेकराला हे माहीतच नव्हतं. कोण सांगणार? भावकीतले तात्या पुढं झाले. वाईट माणूस नाही तो, तुझ्या दुखण्यात तुला किती वेळा जीपमधून घेऊन गेलाय. ते म्हणाले, "हे बघ लेकरा, सून आमची. लग्न करून ह्या घरात आली. आपल्यात बसवत न्हाईत. आन पुरायचं म्हंजी कुठं पुरायचं? हितं त्यांची जागा न्हाई."

"आबा?" प्रशांतनं दत्तरावांना विचारलं. दत्तराव खाली बघत राहिले.

मग तो माझ्याकडं वळला. "मावशी, आई तुम्हाला काही बोलली होती का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वेळ तर मिळणारच नव्हता. तुझे हात मी आत जाऊन धरून आले होते, बोटं वळायची बंद होत चालली होती. मला कळत होतं की मी 'नाही' म्हटलं तर तिरडी बांधायला घेतील. खरं तर तेच होतं, नाही. तू काहीच बोलली नव्हतीस. तू चहा गार होतोय म्हणाली होतीस. पण तुझ्या गळ्यातली ती डबी, रोज सकाळी पुढं केलेला डावा तळहात, श्रावणात भाऊ यायचा त्या दिवशी चौकटीला लावलेलं बेलाचं पान, हे सगळं मी पाहिलं होतं. मला वाटलं, अगं, ही गोष्ट अधांतरी कुठं आहे? ही तर इन द एअर आहे. कुणी बोललं नसलं तरी या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणूनच तर कुणाला एकमेकांकडं नीट बघवत नाही. चाळीस वर्षं मी तुझ्या बाबतीत चुकीचा शब्द वापरत आले.

मी म्हटलं, "हो. बोलली होती. मला बसवा म्हणाली होती."

तात्यांनी विचारलं, "कधी?"

"माझ्या घरी. चहा घेताना," मी म्हटलं. खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते टिकतं.

मग कुणी काही विचारलं नाही. आम्ही बायकांनी तुला उठवलं. तुझी जाऊ एका बाजूनं, मी मागून. मांडी घालताना तुझा डावा गुडघा अडला. मी तो चोळत राहिले, जशी आपण त्या खोलीत पायात गोळे आले की एकमेकींचे पाय चोळायचो. तो वळला. तुझी पाठ भिंतीला लावली, पण तू पुढं येत होतीस, म्हणून मी तुझ्या शेजारीच बसून खांद्यानं तुला धरून ठेवलं. गुरुनाथअण्णा येईपर्यंत तशीच बसले. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेली तुला आठवत नसेल. तुझं डोकं माझ्या डोक्याला टेकलं होतं. मला रडू आलं नाही, आणि भीतीही वाटली नाही. तू मला इतकी वर्षं धरलं होतंस, आज थोडा वेळ मी धरते आहे, असं वाटलं आणि त्याचं फार बरं वाटलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला सांगते.

अण्णा आला. दारातूनच त्यानं तुला बसलेली बघितलं आणि तिथंच खाली बसला. म्हातारा माणूस, पोरासारखा रडला. स्वामींनी भस्म लावलं, तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, बेल वाहिला. तिरडीसाठी आणलेल्या त्याच बांबूंचं अण्णाच्या माणसांनी बसवून न्यायचं विमान बांधलं, केळीचे खुंट लावले. खुंट अर्धापूरचे होते, मी विचारलं. बांधायला तात्याच पुढं होते. एकदा ठरलं म्हटल्यावर त्यांना गाठ सैल खपत नाही. जागा दत्तरावांनी दाखवली, हात करून, विहिरीच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्याची जमीन, टिकाव आत जाईना, शेवटी जेसीबी बोलावला. तुला बसवून मिरवत नेलं. तू सगळ्यांच्या डोक्यावरून गाव बघत गेलीस. जन्मात कधी कुणी तुला एवढं वर बसवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी निघायला झाले तेव्हा दत्तराव म्हणाले, जरा रानाकडं चला. आम्ही तुझ्याजवळ जाऊन उभे राहिलो. माती अजून ओली होती; प्रशांतनं घागरभर पाणी शिंपडलं होतं. दत्तरावांनी तिथं पडलेलं एक ढेकूळ पायानं फोडलं.

"बाई, ती तुम्हाला बोलली होती म्हणालात."

"हाव," मी म्हटलं.

"मला बी बोलली होती." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "दवाखान्यातून येताना, गाडीत. म्हणली, माझ्यापायी भावकीशी भांडू नका. तुमच्यात करतात तसं करा, मला काय समजतंय तवा. मी हाव म्हणलो."

म्हणजे तू ठरवलं होतंस. स्पष्ट सांगितलं होतंस, फक्त मला नाही. ते ना अप इन द एअर होतं, ना इन द एअर. मथळा पुन्हा चुकलाच की माझा, आणि या वेळी तो कागद बदलायची सोयही नव्हती. मी म्हटलं, "मग तुम्ही तिथं बोलला का नाहीत? मी खोटं बोलतेय हे तुम्हाला कळलं होतं."

"कळलं की." ते तिथंच मातीजवळ खाली बसले. "बाई, तिनं जन्मभर आमच्या सोयीनं केलं. हे बी आमच्या सोयीनंच बोलली व्हती. मला ते ठाऊक हाय. पन मी हाव म्हणून बसलो होतो, शब्द गेला होता. मला तोंड उघडता येईना. तुम्ही खोटं बोललात, मी सुटलो. लई उपकार झाले."

महादेवी, तुझा नवरा रडत नव्हता. तो मातीवर हात फिरवत होता, पेरलेल्या वाफ्यावरून फिरवावा तसा. मग उठून त्यानं धोतराला हात पुसले आणि तुझ्या शेजारची, मोकळी ठेवलेली जागा मला दाखवली. जेसीबीवाल्याला त्यानं त्याच दिवशी सांगून तेवढी जमीन सोडायला लावली होती.

"मला बी जाळू द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "हितंच. तिच्यासारखं बसवून. भावकी ऐकायची न्हाई, पोरगं गोंधळंल. तुम्ही मागं राहिलात तर तेवढं सांगा त्यांना. तुमचं ऐकतात लोक."

मी हो म्हटलं. या वेळी खोटं बोलावं लागणार नाही.